आधी नुसतं उभं राहा

ताई ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला, शिकायला येणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक चित्र ठरलेलं असतं. पांढरा सैल पोशाख, पहाटेचं धुकं, संथ हलणारे हात. आमच्या गटात नवीन कुणी आलं की सर त्याला नाशिकच्या गोदापार्कात एका झाडाखालची जागा दाखवतात, पाय खांद्यांइतके फाकवायला लावतात, गुडघे ताठ न ठेवता जरा सैल सोडायला सांगतात, हात छातीसमोर गोल धरायला लावतात आणि बाकीच्यांकडे वळतात. झालं, पहिला धडा संपला. दुसऱ्या दिवशी तोच धडा, तिसऱ्या दिवशीही तोच. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेला माणूस आठवड्याभरात दबक्या आवाजात विचारतोच, "सर, ते पुढचं कधी?"

"हेच चाललंय की," सर म्हणतात.

सर नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. नोटांच्या छपाईत आयुष्य गेल्यामुळे असेल, त्यांना घाई कशी ती ठाऊक नाही आणि बारीकशी चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांचा आग्रह एकच, चीगाँग (उभं राहण्याचे आणि श्वासाबरोबर सावकाश हलण्याचे चिनी व्यायाम) आधी आणि ताई ची मागाहून. पुष्कळ वर्गांत चीगाँग म्हणजे खऱ्या कामाआधीचा दहा मिनिटांचा वॉर्मअप असतो. सरांकडे तो पाया आहे आणि पाया सुकल्याशिवाय ते वर वीट चढवू देत नाहीत. मला हे पटलं, पण सर जे कारण देतात त्यासाठी नाही. ते 'ची'बद्दल बोलतात, शरीरातून वाहणाऱ्या शक्तीबद्दल. मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास बेताचा. मला या उभं राहण्यातून जे मिळालं ते अगदी रोकडं आहे. माझं वजन कुठल्या क्षणी कुठल्या पायावर आहे, ते मला कळायला लागलं.

यात काय विशेष, असं वाटेल. पण करून बघा. पहिलं मिनिट मजेत जातं. मग खांदे दुखायला लागतात, आणि लक्षात येतं की ते कानांच्या दिशेनं वर चढून बसलेत. ते खाली सोडावेत तर जबडा आवळलेला सापडतो. जबडा सोडला की पोट. पोट आत ओढून उभं राहायची सवय आम्हा बायकांना शाळेच्या स्नेहसंमेलनापासून लागलेली असते, ती सुटता सुटत नाही. त्याच्याही खाली पायाची बोटं जमीन धरून बसलेली असतात. उजवी टाच डावीपेक्षा जास्त भार घेते. गेली कित्येक वर्षं मी उजव्या पायावर रेलून उभी राहत होते, बसस्टॉपवर, ओट्यापाशी, बँकेच्या रांगेत, आणि मला पत्ता नव्हता. मांड्या थरथरू लागतात तेव्हा सर जवळ येतात, खांद्यावर दोन बोटं ठेवतात आणि विचारतात, "ताई, हे कशाला धरून ठेवलंय?" या प्रश्नाला उत्तर नसतं. नुसतं उभं राहायला जेवढी ताकद लागते त्याच्या दुपटीनं आपण खर्च करत असतो, आणि तो खर्च कुठल्याच खात्यात दिसत नाही.

या उभं राहण्याला झान झुआंग असं नाव आहे. विसाव्या शतकातले चिनी युद्धकलेचे गुरू वांग शियांगझाई (१८८५–१९६३) यांनी तर डावपेचांचे ठरलेले संच जवळजवळ बाजूला सारले आणि या उभं राहण्याभोवतीच आपली यीक्वान नावाची पद्धत उभी केली. लढवय्या माणूस, आणि शिष्यांना आधी स्तब्ध उभं करायचा. गोदापार्कात फेरफटका मारणाऱ्यांना हे कुठून माहीत असणार? "काय ताई, कुणाची वाट बघताय?" हा प्रश्न मला ओळखीच्यांनीही विचारलाय. एका काकांनी काळजीनं पाणी आणून दिलं. आणि एका आजोबांनी खास नाशिकचा शेरा मारला: "आता काय, पुढच्या सिंहस्थात खडेश्वरी होणार वाटतं!"

हसले, पण तो शेरा डोक्यात राहिला. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनातल्या साधुग्रामात मी खडेश्वरी साधू पाहिले होते. बसायचं नाही, झोपायचं नाही, वर्षानुवर्षं उभंच राहायचं असा नेम. टेकायला झोपाळ्यासारखी एक फळी आणि खाली सुजलेले पाय. तिथं उभं राहणं म्हणजे देहाला हरवणं. आमच्याकडे बरोबर उलटं आहे. दुखणं दातओठ खाऊन सोसायला लागलात की सर थांबवतात. थरथर चालेल, पण सांध्यात कळ येता कामा नये. पाच मिनिटं सैल उभं राहिलेलं त्यांना चालतं, अर्धा तास जिद्दीनं उभं राहिलेलं चालत नाही. जिद्द हीच मुळी खांद्यात जाऊन बसते, असं त्यांचं मत. आपल्याकडे कुठल्याही साधनेत कष्टाला जो मान आहे तो पाहता हे गळी उतरायला जड जातं. आमच्या गटातली तरुण मुलं तर घड्याळ लावून एकमेकांशी स्पर्धा करायची. सरांनी घड्याळं पिशवीत ठेवायला लावली.

'हजारो वर्षांची प्राचीन परंपरा' असं कुणी म्हणालं की माझ्यातली हिशेबनीस जागी होते. म्हणून थोडं वाचलं. व्यायाम जुने आहेत यात शंका नाही. चीनच्या हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुई इथं १९७३-७४ मध्ये एक थडगं उत्खननात उघडलं. ते इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेलं होतं. त्यात सापडलेल्या रेशमी कापडावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्या रंगवलेल्या आहेत. कुणी वाकलंय, कुणी हात वर ताणलेत, बायका आहेत, पुरुष आहेत, म्हातारी माणसं आहेत. आपल्या पांडवलेण्यांतली सर्वांत जुनी लेणी ज्या काळाकडे जातात त्याच्याच आगेमागेचं हे कापड. पण या सगळ्या विखुरलेल्या व्यायामांना चीगाँग या एका छपराखाली आणून दवाखान्यात बसवलं ते १९५० च्या दशकात, लिऊ ग्वेइझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ताई चीचं तसंच. हेनान प्रांतातल्या चेन गावात तिचं मूळ सतराव्या शतकापर्यंत नेता येतं, पण जगभरच्या बागांमधून दिसणारा २४ हालचालींचा संच चीनच्या क्रीडा आयोगानं १९५६ साली बसवला. म्हणजे आम्ही सकाळी जे करतो त्याचं आजचं रूप माझ्या आईच्या वयाचं आहे.

मग चीगाँग हा ताई चीचा पाया, हे तरी कुणी ठरवलं? चेन गावातल्या जुन्या शिकवणीत 'आधी चीगाँगचा कोर्स, मग ताई ची' अशी इयत्तावारी होती असं मला कुठं दिसलं नाही. तिथं संचच पुन्हा पुन्हा, गुडघे वाकवून अंग खाली ठेवून, घाम गाळून करायचे. दोन्ही उघडपणे एकत्र गुंफल्याचं ठळक उदाहरण म्हणजे फंग झिच्यांग (१९२८–२०१२). त्यांना दोन गुरू लाभले. एक चेन फाके, ज्यांनी १९२८ मध्ये गावाबाहेर पडून बीजिंगात चेन घराण्याची विद्या आणली, आणि दुसरे हू याओझेन, जे चीगाँगमधले जाणकार. फंग यांनी दोघांचं मिळून हुनयुआन ही शैली घडवली. सरांचे पुण्यातले गुरुजी याच वळणाचे होते. तेव्हा सरांचा आग्रह म्हणजे काही वेदवाक्य नव्हे, एका घराण्याची रीत आहे. गाण्यात कुणी खर्जापासून सुरुवात करतं, कुणी थेट बंदिशीपासून. मला या घराण्याची रीत मानवली, एवढंच.

चीगाँगच्या नावावर जे जे विकलं गेलं त्यातलं मात्र पुष्कळ मला मानवत नाही. १९८० च्या दशकात चीनमध्ये त्याची प्रचंड लाट आली होती, दूर बसून रोग बरा करणारे, शक्ती फेकणारे महागुरू स्टेडियमं भरवत होते. आपल्याला हे चित्र अनोळखी नाही. सरांच्या वर्गात उभं राहिल्यावर तळहात गरम होतात, बोटांत मुंग्या येतात, कधी अंग आपोआप डोलतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी उत्साहानं सांगायला गेले. "होतं तसं. आलं तर येऊ दे, गेलं तर जाऊ दे," म्हणाले आणि माझ्या गुडघ्याकडे बघू लागले. खांदे सैल पडले की हातात रक्त मोकळं फिरतं, तळहात ऊबदार होतात. मला एवढं स्पष्टीकरण पुरतं. 'ची' त्याहून वेगळी असेल तर असो, ती माझ्या परवानगीसाठी थांबलेली नाही.

नाशिकमध्ये दुसरा हमखास प्रश्न येतो: हे प्राणायामच आहे ना? इथं गल्लोगल्ली योगवर्ग आहेत, त्यामुळे विचारणाऱ्याचा दोष नाही. मीही लहानपणापासून सूर्यनमस्कार घातलेत. पण करताना फरक कळतो. प्राणायामात श्वासाला शिस्त लावायची असते. पूरक किती, कुंभक किती, रेचक किती, याचं प्रमाण असतं. आमच्याकडे श्वासाला हात लावायचा नाही. हात वर जातात तेव्हा तो आत येतो, खाली येतात तेव्हा बाहेर पडतो, बस्स. रोखायचा तर मुळीच नाही. ताडासनात गुडघे ताणलेले, छाती उचललेली, सगळं अंग आभाळाकडे. इथं छाती उगी, माकडहाड खाली लोंबतं सोडलेलं, आणि वर जाते ती फक्त टाळू. मला सुरुवातीला खाली सोडणं जमेना, कारण अंगाला वर ताणण्याचं वळण होतं. योग चांगला की हे चांगलं, या वादात मला पडायचं नाही, आमच्या गटातले निम्मे लोक दोन्ही करतात.

उभं राहण्याच्या जोडीला आम्ही बा दुआन जिन करतो. आठ व्यायामांची ही माळ, चीनच्या सोंग राजवटीतल्या बाराव्या शतकातल्या लेखनात तिचं नाव येतं. दोन्ही हातांनी आभाळ पेलायचं, डावीकडे-उजवीकडे धनुष्य ओढायचं, मागं वळून बघायचं, डोळे वटारून मूठ पुढं टाकायची (हा व्यायाम बायका फार मन लावून करतात, असं माझं निरीक्षण आहे), आणि शेवटी टाचा उचलून सात वेळा जमिनीवर सोडायच्या. वयस्क मंडळींना सर टाचा आपटू देत नाहीत, हाडं ठिसूळ झाली असतील तर कण्याला दणका कशाला? रक्तदाब असणाऱ्यांना डोकं खाली घालून वाकायला लावत नाहीत. माळ आठ मण्यांचीच राहिली पाहिजे असा हट्ट नाही.

या आठांतला तिसरा व्यायाम बघा. एक तळहात आभाळाकडे दाबायचा, दुसरा जमिनीकडे, आणि मधलं अंग दोन्हीकडून लांबवायचं. कित्येक महिने मी तो खांद्याचा व्यायाम म्हणून केला. पुढं ताई चीमध्ये पांढरा करकोचा पंख पसरतो ती हालचाल आली. एक हात वर, एक खाली, पुढचा पाय नुसता टेकलेला. नवीन शिकावं असं त्यात काही उरलंच नव्हतं. हात कुठं जातात हे सांगावं लागलं नाही, वजन मागच्या पायात कसं ओतायचं हे सांगावं लागलं नाही. तसंच २४ च्या संचाची पहिली हालचाल. पाय बाजूला टाकायचा, हात खांद्यांपर्यंत वर येऊ द्यायचे, खाली सोडायचे. व्हिडिओत ती चार सेकंदांत उरकते आणि बघणाऱ्याला वाटतं, चला, आता खरं सुरू. पण ती हालचाल म्हणजे अख्खं चीगाँगच आहे. ज्याला उभं राहता येतं त्याचे हात वर जाताना खांदे जागेवर राहतात. ज्याला येत नाही त्याचा पहिल्या चार सेकंदांतच निकाल लागतो.

आमच्याकडे येण्याआधी एका शिबिरात चोवीसच्या चोवीस हालचाली शिकलेल्या एक बाई आहेत. पाठांतर पक्कं, हात देखणे, आणि गुडघ्याला पट्टा. सरांनी त्यांना रानटी घोड्याची आयाळ दुभागायला लावली आणि दुसऱ्याच पावलाला थांबवलं. अंग वळत होतं, पण जांघेत न वळता कंबरेच्या वर वळत होतं. राहिलेली सगळी पिळवट गुडघा सोसत होता. गुडघा हा बिचारा बिजागरीचा सांधा, त्याला पुढंमागं जाणं माहीत, पिळणं माहीत नाही. त्यांनी संच बंद ठेवला आणि बरेच दिवस नुसतं उभं राहून वजन डाव्या पायातून उजव्यात, उजव्यातून डाव्यात नेलं. एक पाय पूर्ण रिकामा झाल्याशिवाय उचलायचा नाही. ताई चीमध्ये यालाच भरलेला पाय आणि रिकामा पाय म्हणतात, आणि यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांच्या नावावर जी दहा सूत्रं आहेत त्यांत हे एक सूत्र आहे.

या रिकाम्या-भरल्या पायासाठीच खरं तर मी इथं आले. आई देवघरातून उठताना पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वॉकर आला, कमोडची खुर्ची आली, आणि त्यांच्याबरोबर भीतीही आली. माणूस नुसता उभा असताना त्यामानानं कमी पडतो. पुष्कळदा पडतो तो बदलाच्या क्षणी, उठताना, वळताना, चालताना एका पायावरून दुसऱ्यावर जाताना. आईची पिढी जात्यावर, उखळापाशी, उकिडवी बसून वाढलेली, तिच्या मांड्यांत आमच्यापेक्षा ताकद होती. पण ऑपरेशननंतर ती डाव्या पायावर भारच टाकेना. पाय बरा झाला होता, विश्वास बसत नव्हता.

२०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता. काहींना ताई ची, काहींना वजनांचे व्यायाम, काहींना नुसतं स्ट्रेचिंग, असं आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. तोल सांभाळण्यात ताई चीचा गट दोघांच्याही पुढं होता, आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा कमी वेळा पडला. तिथं शिकवलेल्या मोजक्या हालचालींचा मोठा भर वजन इकडून तिकडे नेण्यावर होता. मी तो कागद सरांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, परत दिला आणि विचारलं, "आईंना ओट्याला धरून उभं राहता येतं का?"

फिजिओथेरपिस्टना विचारून सुरू केलं. हात वर नाही, गुडघे वाकवणं नाही. ओट्याला दोन्ही हात, पाय फाकवलेले, आणि वजन हळूच डावीकडे. वेळ मोजायला कुकर. तीन शिट्ट्या होईपर्यंत उभी राहायची, मग खुर्ची. पहिले काही दिवस ती डावीकडे गेल्यासारखं करायची, खांदा झुकवायची आणि वजन उजवीकडेच ठेवायची. मला ते लगेच दिसायचं, कारण मी स्वतः तेच करत आले होते.

माझे दीर पिंपळगाव बसवंतला द्राक्ष लावतात. बागेची छाटणी वर्षातून दोनदा. ऑक्टोबरची छाटणी सगळ्यांना माहीत, तिच्यानंतर घड दिसतात, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), व्यापाऱ्यांच्या फेऱ्या, सगळी लगबग तेव्हाची. एप्रिलची खरड छाटणी बाहेरच्या माणसाला कळत नाही. माल निघालेली बाग उन्हाळ्याच्या तोंडावर खरडून बोडकी करायची, फुटवे येऊ द्यायचे, विरळणी करायची, पाणी सांभाळायचं, आणि काडी तयार व्हायची वाट बघायची. फळ नाही, फूल नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. पण त्या पहिल्या दीड-दोन महिन्यांतच काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो की नाही ते ठरतं. तेव्हा ऊन मिळालं नाही, आभाळ भरून राहिलं, तर ऑक्टोबरमध्ये कितीही महागडी औषधं मारा, डोळा फुटतो आणि नुसती वेल बाहेर येते. दीर याबद्दल कधी तत्त्वज्ञान सांगत नाहीत. एप्रिलमध्ये मजूर मिळत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार असते. मी पुढच्या हालचालीसाठी उतावळी झाले की मला तो उघडा मांडव आठवतो आणि मी मुकाट्यानं झाडाखाली जाते.

सगळ्यांना हे जमत नाही. गेल्या हिवाळ्यात, निफाडचा पारा बातम्यांत होता त्या दिवसांत, एक तरुण आला होता. त्याला ताई चीची तलवार शिकायची होती. थंडीत कुडकुडत आठवडाभर उभा राहिला, मग दिसला नाही. पुढं कळलं की तो दुसऱ्या एका वर्गात जातो, तिथं थेट संच शिकवतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याला हलण्याचा आनंद हवा आहे त्यानं हलावं, चार महिने झाडाखाली कंटाळून व्यायामच सोडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. सरांशी याबाबत माझे मतभेद आहेत. त्यांच्या हट्टापायी चांगली माणसं गळतात असं मी त्यांना सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला डावी टाच टेकवायला सांगितली.

आई आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाते. श्रेय ती कॅल्शियमच्या गोळ्यांना देते, थोडं गजानन महाराजांना. मी वाद घालत नाही. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, व्यायाम काय करता?"

"काही नाही," आई म्हणाली, "कुकर होईपर्यंत उभी असते."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, रोज हलका व्यायाम सुरू करावा.